आधी रेघ ओढा, मग बोला
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या व्याख्यानमालेत एक व्याख्यान विज्ञानाचे असावे आणि ते मी द्यावे, असे चिटणिसांनी कळवले, तेव्हा विषय निवडायला मला वेळ लागला नाही. चौतीस वर्षे मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ऊष्मागतिकी शिकवली. उष्णता, कार्य आणि ऊर्जा यांच्या देवघेवीचे हे शास्त्र. दरवर्षी पहिल्या तासाला मी एकच गोष्ट शिकवत असे : प्रणाली म्हणजे काय आणि तिचे गुणधर्म म्हणजे काय. तोच तास आज आपल्यापुढे घेणार आहे. त्याचे कारण एवढेच की तो तास मुळात माझा नव्हे. तो याच शाळेच्या नववीच्या वर्गात मी बाकावर बसून ऐकला होता.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी त्या दिवशी वर्गात रॉकेलचा स्टोव्ह आणि एक पातेले आणले. टेबलावर स्टोव्ह पेटवला, त्यावर पाण्याचे पातेले ठेवले आणि फळ्यावर त्या दोन्ही वस्तूंचे चित्र काढले. मग खडूने चित्रातल्या पातेल्याभोवती एक बंद रेघ ओढली आणि विचारले, “आत काय, बाहेर काय?” आम्ही हसलो. एवढा सोपा प्रश्न! पाणी आत, स्टोव्ह बाहेर. “मग आत काय येते?” उष्णता येते, आम्ही म्हणालो. सरांनी ती रेघ पुसली आणि दुसरी मोठी रेघ ओढली. आता स्टोव्हही तिच्या आत आला. “आता आत काय येते?” वर्ग गप्प झाला. पाणी तर पूर्वीसारखेच तापत होते. पण स्टोव्हकडून पाण्याकडे जाणारी उष्णता आता कोणतीही सीमा ओलांडत नव्हती. ती घरातल्या घरात झालेली देवघेव होती. रॉकेलमधली ऊर्जा मोकळी होत होती आणि पाण्याची वाढत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, पण रॉकेल जळायला हवा लागते. ती तर बाहेरूनच येते, आणि धूर बाहेर जातो.” सरांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही दिसतो. ते म्हणाले, “बरोबर. म्हणून आधी रेघ ओढा, मग बोला.”

ऊष्मागतिकीची सुरुवात याच वाक्यातून होते. विश्वाचा जो तुकडा आपण विचारासाठी वेगळा काढतो त्याला प्रणाली म्हणतात. उरलेला तो परिसर. दोहोंमधली रेघ ती सीमा. ही सीमा पातेल्याच्या भिंतीसारखी खरी असू शकते, किंवा नदीच्या पाण्यातल्या एखाद्या घनमीटरभोवती आपण मनाने घातलेल्या कुंपणासारखी काल्पनिकही असू शकते. ती स्थिर असलीच पाहिजे असेही नाही. सायकलच्या पंपातली हवा दाबली की सीमा दट्ट्याबरोबर सरकते. सीमा कुठे घ्यायची याचे स्वातंत्र्य आपल्याला आहे. मात्र एकदा घेतली की हिशेब तिच्याशीच प्रामाणिक राहून मांडावा लागतो. माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांच्या निम्म्याहून अधिक चुका गणिताच्या नसत. रेघ न ओढता बोलायला लागल्याच्या असत.

सीमेतून काय जाऊ शकते यावरून प्रणालीचे तीन प्रकार होतात. ज्या सीमेतून द्रव्यही जाते आणि ऊर्जाही जाते ती खुली प्रणाली. जिच्यातून ऊर्जा जाते पण द्रव्य जात नाही ती बंद प्रणाली. जिच्यातून काहीच जात नाही ती विलग प्रणाली. या तिघींना भेटायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही; आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे.

खुल्या प्रणालीसाठी मी पाण्याचा माठ घेतो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते आणि पृष्ठभागावर त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला नेहमीच्या तापमानाला सुमारे २.४ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि ती मुख्यतः माठातल्या पाण्याकडूनच घेतली जाते. एक लिटर पाण्यामागे अवघे वीस ग्रॅम पाणी उडाले आणि बाहेरून उष्णता आत आली नाही, तर उरलेले पाणी अकरा-बारा अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते, म्हणून गारवा त्याहून कमी मिळतो. पण लक्षात घ्या, माठ पाणी गार करतो तो थोडे पाणी गमावूनच. त्याला बाहेरून तेलाचा हात दिला, छिद्रे बुजवली, तर पाणी वाचेल. गारवा मात्र जाईल.

बंद प्रणाली म्हणजे शिट्टी होण्यापूर्वीचा कुकर. वाफ आत कोंडलेली आहे, उष्णता तळातून येते आहे. वरचे वजन उचलले गेले, शिट्टी झाली, की त्या क्षणी हीच प्रणाली खुली होते. आणि विलग प्रणालीच्या सर्वांत जवळ जाणारी घरातली वस्तू म्हणजे थर्मास. ‘जवळ जाणारी’ असे म्हणतो, कारण उत्तम थर्मासमधला चहाही दुसऱ्या दिवशी कोमटच निघतो. संपूर्ण विलग प्रणाली ही सोयीसाठी केलेली कल्पना आहे.

आता गुणधर्मांकडे वळू. प्रणाली या क्षणी कशी आहे हे ज्या मोजता येणाऱ्या गोष्टींनी सांगता येते ते तिचे गुणधर्म : वस्तुमान, आकारमान, दाब, तापमान, घनता, आंतरिक ऊर्जा. यांचे दोन गट पडतात आणि ते ओळखण्याची युक्ती सोपी आहे. प्रणालीचे मनाने दोन समान भाग करा. जो गुणधर्म निम्मा झाला तो विस्तारी, आणि जो तसाच राहिला तो अविस्तारी. किटलीभर चहातला अर्धा दुसऱ्या किटलीत ओतला, तर वस्तुमान निम्मे, आकारमान निम्मे, आंतरिक ऊर्जाही निम्मी. तापमान मात्र दोन्हीकडे तेच. घनताही तीच, कारण ती वस्तुमान आणि आकारमान या दोन विस्तारी राशींचा भागाकार आहे आणि भागाकारात वाटणीचा परिणाम उरत नाही.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. दिवाळीत फुलबाजीच्या ठिणगीचे तापमान हजार अंशांहून अधिक असते. तरी ती हातावर उडाली तर क्षणभर टोचते आणि विझते. तांब्याभर उकळते पाणी फक्त शंभर अंशांच्या आसपासचे. पण ते अंगावर सांडले तर दवाखाना गाठावा लागतो. ठिणगीचे तापमान मोठे, परंतु वस्तुमान इतके अल्प की तिच्याजवळ द्यायला ऊर्जाच थोडी. तापमान किती आणि ऊर्जा किती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक यांनी उष्णता आणि तापमान यांतला फरक स्पष्ट केला, तोपर्यंत मोठमोठ्या विद्वानांचाही येथे घोटाळा होत असे.

आणखी एक नवल सांगतो. प्रणालीचे इतके गुणधर्म असले, तरी ते सगळे स्वतंत्र नसतात. ठरावीक वस्तुमानाच्या साध्या वायूचा दाब आणि तापमान सांगितले की त्याचे आकारमान, घनता, आंतरिक ऊर्जा, सर्व काही ठरून जाते. दोन गुणधर्म सांगितले की अवस्था निश्चित झाली. आणि पाणी उकळत असताना, म्हणजे पाणी आणि वाफ एकत्र नांदत असताना, दाब आणि तापमान ही दोनही एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. दाब ठरला की उकळण्याचे तापमान ठरले. आपले हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून उघड्या पातेल्यातले पाणी शंभर अंशांना नव्हे, सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. घरगुती कुकरचे वजन आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅमने वाढू देते. हवेचा आणि वाढीव असे दोन्ही दाब मिळून वातावरणाच्या सुमारे दुप्पट होतात आणि त्या दाबाला पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. म्हणून डाळ लवकर शिजते.

यातून एक व्यावहारिक धडा निघतो. शिट्ट्या सुरू झाल्यावर आच कितीही वाढवली, तरी आतले तापमान जवळजवळ वाढत नाही. कारण वजनाने दाब बांधला आहे आणि दाबाने तापमान. जास्तीची उष्णता केवळ जास्त वाफ करून शिट्टीवाटे निघून जाते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करणाऱ्या आपल्या आया-आज्या अवस्था आणि गुणधर्म यांचा हा नियम कृतीने पाळतच होत्या.

आता मी माझी एक फजिती सांगतो. कारण आजचा मुख्य मुद्दा तिच्यात आहे.

शाळा संपवून मी इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात गेलो. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले, “या बादलीभर गरम पाण्यात उष्णता किती आहे?” मी उत्साहाने वस्तुमान, विशिष्ट उष्मा आणि तापमान यांचा गुणाकार करून आकडा सांगितला. ते शांतपणे म्हणाले, “हे पाणी स्टोव्हवर तापवले की रवीने घुसळून तापवले, हे तुम्हाला बादलीकडे पाहून कळेल का?” मी म्हणालो, नाही. “मग त्यात उष्णता किती, हे तरी कसे कळेल?” मी निरुत्तर झालो.

उष्णता हा प्रणालीचा गुणधर्म नाही. तापमानातील फरकामुळे सीमा ओलांडत असलेल्या ऊर्जेचे ते नाव आहे. कार्य हेही सीमा ओलांडणाऱ्या ऊर्जेचेच दुसरे नाव. सीमा ओलांडून आत आली की ती ना उष्णता राहते, ना कार्य. ती आंतरिक ऊर्जेत मिसळते. पाण्यात ‘साठवलेली उष्णता’ असे शास्त्राच्या भाषेत म्हणता येत नाही. माझी चूक काही एकट्याची नव्हती, हा थोडा दिलासा. उष्णता हा एक अदृश्य प्रवाही पदार्थ आहे, असे युरोपातले शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानत होते. १८२४ साली सादी कार्नो यांनी वाफेच्या यंत्रांवरील आपला युगप्रवर्तक ग्रंथ लिहिला तोही त्याच कल्पनेच्या आधाराने. त्यापूर्वी, १७९८ मध्ये, काउंट रम्फर्ड यांनी म्युनिकच्या शस्त्रागारात तोफेची नळी कोरताना निव्वळ घर्षणाने अडीच तासांत पाणी उकळवल्याचे जाहीर केले होते. घर्षण चालू आहे तोवर उष्णता संपतच नव्हती. कोंडून ठेवलेला पदार्थ असा अखंड कसा निघेल? पुढे १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल यांनी खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवली आणि किती कार्याने पाणी किती तापते याचे मोजमाप केले.

परीक्षेची खोली सोडून बाहेर आलो आणि मला गोवळकोंडा आठवला. आमच्या सरांनी दहावीच्या सहलीत वर्गाचे दोन गट केले होते. एक गट सरळ पायऱ्यांनी बालाहिसारवर गेला, दुसरा लांबच्या वळणाच्या वाटेने. माथ्यावर पोहोचल्यावर सरांनी विचारले, “कोण किती उंच आले?” सगळे सारखेच, पायथ्यापासून सुमारे १२० मीटर. “आणि कोण किती चालले, किती घामाघूम झाले?” ते मात्र प्रत्येक गटाचे वेगळे. “उंची ही तुम्ही कुठे आहात याची गोष्ट; चाल आणि घाम ही तुम्ही कसे आलात याची. माथ्यावर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहून त्याच्या ‘अंगात’ किती चाल साठली आहे, असे कोणी विचारते का?” अवस्था आणि मार्ग यांतला फरक इतक्या स्वच्छ शब्दांत मला नंतर कोणीही सांगितलेला नाही. आंतरिक ऊर्जा ही उंचीसारखी, उष्णता आणि कार्य ही वाटचालीसारखी. त्याच वेळी सरांनी एक हिशेबही करायला लावला होता. एक किलो पाणी या माथ्यावरून पायथ्याशी पडले आणि त्याची सगळी ऊर्जा पाण्यातच राहिली, तर ते किती तापेल? उत्तर आले पाव अंशाहून किंचित अधिक. एक अंश तापायला ते सुमारे ४२७ मीटरवरून पडावे लागेल. ज्यूल यांचे काम किती नाजूक होते, हे त्या आकड्यावरून कळते.

मग तोंडी परीक्षेत मी का चुकलो? उत्तर मला माहीत होते. पण ते मराठीत, किल्ल्यावर, सहलीत मिळाले होते. आणि महाविद्यालयातले ‘खरे’ विज्ञान इंग्रजीत होते. या दोहोंच्या मध्ये मी स्वतःच एक सीमा ओढली होती, आणि तीही विलग प्रणालीची. जिच्यातून काहीही आरपार जात नाही. माध्यमाने मला अडवले नव्हते. शाळेत शिकलेले शाळेपुरतेच, या माझ्या समजुतीने अडवले होते. त्या दिवसानंतर मी प्रत्येक नवी इंग्रजी संज्ञा वहीत लिहिताना शेजारी सरांचा मराठी शब्द लिहू लागलो. पहिले सहा महिने कठीण गेले, हे मी लपवणार नाही. पुढे मात्र त्या दोन स्तंभांच्या वहीने मला शिक्षक केले.

शेवटची संकल्पना समतोलाची. काखेत थर्मामीटर ठेवला की थोडा वेळ थांबावे लागते; नळी आणि शरीर यांचे तापमान एक झाले की पारा थांबतो. त्या स्थितीला औष्णिक समतोल म्हणतात. दोन वस्तू तिसरीशी समतोलात असतील तर त्या एकमेकींशीही समतोलात असतात. या साध्या विधानावर सर्व तापमापन उभे आहे. ते इतके मूलभूत की पहिला आणि दुसरा नियम रूढ झाल्यानंतर, १९३० च्या दशकात, त्याला ‘शून्यावा नियम’ हे नाव मिळाले.

पण समतोल आणि स्थिरता एक नव्हेत. देवघरातली समई पाहा. ज्योत तासभर तशीच दिसते. उंची तीच, उजेड तोच. ती समतोलात आहे काय? नाही. क्षणोक्षणी वातीतून तेल वर चढते, हवा आत येते, उष्णता आणि प्रकाश बाहेर जातात. जितके येते तितके जाते म्हणून ती स्थिर आहे. तिच्यावर झाकण घाला, सीमा बंद करा, आणि थोड्याच वेळात तिला खरा समतोल लाभेल. त्याला आपण समई विझली असे म्हणतो. प्रत्येक सजीवाचे असेच आहे.

मंडळी, उपमा म्हणजे सिद्धता नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावत आलो. समाजाला वायूचे नियम लावू नयेत. तरीही आजच्या दिवशी एका सीमेविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात. त्या दिवशी आमच्या गल्लीतले एकही घर हलले नाही; रेघ मात्र हलली, आणि काल जे आपल्याच राज्यात होते ते आजोळ सीमेपलीकडे गेले. अशा रेघेच्या या बाजूला राहिलेल्या माणसांनी ही शाळा काढली आणि चालवली. साठ वर्षांत येथे तेलुगू आणि उर्दू कानांवर पडतच होत्या, हिंदी-इंग्रजी शिकवल्या जातच होत्या. ही शाळा माठासारखी होती. पाझरत होती म्हणूनच तिच्यात गारवा होता.

आज पटसंख्येची काळजी आहे. मराठीतून शिकून पुढे मुलाचे कसे होईल, हा पालकांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊ नये. माझे उत्तर त्या वहीत आहे : मुलाला कल्पना त्याच्या भाषेत मिळू द्या आणि तिचे दुसरे नाव त्याच दिवशी शेजारी लिहू द्या. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी की देणगी अवश्य द्यावी, पण वर्षातून एक तासही द्यावा. आपापल्या व्यवसायातली एक गोष्ट घेऊन यावे आणि नववीच्या वर्गात मराठीत सांगावी. वात उत्तम असली तरी तेल बाहेरूनच घालावे लागते.

आमचे सर आज नाहीत. त्यांनी फळ्यावर ओढलेली ती रेघ तासाच्या शेवटी पुसली गेली. मी ती पुढे चौतीस वर्षे ओढत राहिलो. येत्या सोमवारी तिसऱ्या तासाला नववीच्या वर्गावर येण्याची परवानगी मी मुख्याध्यापिकाबाईंकडे मागितली आहे. स्टोव्ह आता मिळायचा नाही. पातेले मात्र घरून आणीन.